कापसाच्या मागे मागे: मुंबई, वऱ्हाड आणि शेवटी सुपे

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी लढाई पेटली, लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि तिथून हजारो मैल लांब आपल्याकडचा कापूस एकदम सोन्यासारखा झाला. चार वर्षांनी लढाई संपली आणि सगळं खाली आलं. एवढं आपल्याला शाळेत दोन ओळींत शिकवतात. मला ते जागेवर जाऊन बघायचं होतं, म्हणजे तो पैसा कुठे थांबला, कुठून नुसताच वाहून गेला आणि त्याचं बिल कोणी भरलं. म्हणून डिसेंबरात, वेचणी जोरात असताना, मी आणि माझा एक मित्र पुण्याहून निघालो. रूट असा ठरवला की कापूस जसा जायचा त्याच्या उलट जायचं, आधी बंदर, मग बाजार, मग शेत.

गुरुवार, मुंबई (फोर्ट)

हॉर्निमन सर्कलपासून सुरुवात केली. आज जिथे गोल बाग आहे आणि भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती आहेत, तिथे पूर्वी बॉम्बे ग्रीन नावाचं उघडं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. गाठींचा धंदा वाढला, आगीची भीती, धूळ, गर्दी, म्हणून १८४४ ला कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला. ही गोल इमारतींची रांग उभी राहिली ती १८६० च्या दशकात, म्हणजे बरोबर कापसाच्या तेजीत. त्याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याच्या भिंती पाडायला काढल्या. मुंबईची जी व्हिक्टोरियन शान आपण फोटोत काढतो तिच्या पायात वऱ्हाड, खानदेश, गुजरात, धारवाडचा कापूस आहे, हे तिथे उभं राहिल्यावर नीट कळतं.

हिशोब असा होता. लढाईच्या आधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला साधारण तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांच्या कष्टावर पिकवलेला. पहिलं वर्ष फारसं जाणवलं नाही कारण १८६० चं पीक भरपूर होतं, लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या गोदामांत स्टॉक पडून होता. १८६२ ला तो संपला आणि मग खरी धावाधाव सुरू झाली. त्या वर्षी इंग्लंडने आयात केलेल्या कापसापैकी साधारण तीन चतुर्थांश कापूस हिंदुस्थानातून गेला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, १८६२ च्या अखेरीस जवळपास पाच लाख माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती, आणि इकडे मुंबईत लोक जुन्या गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकत होते. अमेरिकन कापसाचा लिव्हरपूलमधला भाव १८६४ पर्यंत चौपटीच्या आसपास गेला आणि आपल्या कापसाचा भावही त्याच्या मागोमाग चढला. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा सत्तर-ऐंशी कोटी रुपये जादा आले असा त्या वेळचा अंदाज आहे. त्या काळचे सत्तर-ऐंशी कोटी.

दुपारी राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे सगळ्यात मोठे नाव, कापूस आणि शेअर दोन्ही त्यांच्या हातात. त्यांनी युनिव्हर्सिटीला लायब्ररीसाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख दिले, टॉवरला आईचं नाव द्यायचं ठरलं, बांधकाम १८६९ ला सुरू होऊन १८७८ ला पूर्ण झालं. म्हणजे टॉवर उभा राहिला तेव्हा तेजी संपून बरीच वर्षं झाली होती आणि प्रेमचंद स्वतः त्या मंदीत पार बुडून गेले होते. तरी दिलेला शब्द राहिला, आणि मला हे मनापासून आवडतं. पण हा पैसा कुठून आला होता हा प्रश्न त्यामुळे बाजूला पडू नये.

कारण नुसता कापूस विकून आलेला पैसा लोकांनी ठेवला नाही, तो शेअरमध्ये घातला. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन, ८ जमीन भराव कंपन्या, शिवाय प्रेस, जहाज, विमा कंपन्या वेगळ्याच. दहा वर्षं आधी यातल्या फारच थोड्या होत्या. बॅक बे भराव कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. लोक पुढच्या तारखेचे वायदे करत होते, १ जुलै १८६५ ला सेटलमेंट. आणि एप्रिलमध्ये तिकडे दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. बातमी पोचली, कापूस कोसळला, आणि १ जुलै उजाडला तेव्हा कोणाकडे कोणाला द्यायला पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बे पुढे दोन-तीन वर्षांत बुडालीच. जमशेटजी टाटांचे वडील नसरवानजी यांचाही धंदा त्यात बसला, आणि सावरला तो १८६७-६८ च्या ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेला माल पुरवण्याच्या कंत्राटात, म्हणजे एका लांबच्या लढाईने बुडवलं आणि दुसऱ्या लांबच्या लढाईने तारलं.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला आकडा वेगळाच आहे. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार होती आणि १८७२ ला ६ लाख ४४ हजार. तेजीत गावं सोडून आलेली एवढी माणसं परत गेली, कुठे गेली, कशाच्या भरवशावर गेली, त्यांचं नाव कोणत्याच टॉवरवर नाही.

शुक्रवार, कॉटन ग्रीन

सकाळी हार्बर लाइन पकडून कॉटन ग्रीन. कुलाब्याहून कापसाचा बाजार १९२० च्या दशकात इकडे शिवडीच्या बाजूला आणला. हिरवट रंगाची कॉटन एक्स्चेंजची इमारत अजून उभी आहे आणि पोर्ट ट्रस्टच्या गोदामांच्या लांबच लांब रांगा, त्यांच्यामधून जुने रेल्वेचे रूळ जातात, कापूस मात्र कुठेच नाही. एका चहावाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले माझ्या वडिलांनी इथे गाठी उचलल्यात, मी फक्त नाव ऐकलंय. फार वेळ थांबण्यासारखं नाही, पण एकदा बघाच, कारण इतक्या मोठ्या जागेवरून कल्पना येते की किती माल इथून जहाजात चढत असेल.

तिथेच बसून मित्राने चांगला प्रश्न काढला, की इंग्लंडला आपला कापूस एवढा मिळत होता तर लढाई संपल्यावर त्यांनी तो का सोडला. सोपं आहे, त्यांना तो कधी आवडलाच नव्हता. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, लँकेशायरची यंत्रं लांब धाग्यासाठी बनवलेली. त्यात वाटेत भेसळ व्हायची, गाठीत सरकी, माती, पाणी, कधी दगडसुद्धा, वजन वाढवायला. मुंबई सरकारने १८६३ ला कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा केला. इंग्लंडमध्ये सगळ्या हिंदुस्थानी कापसाला ‘सुरत’ म्हणायचे आणि तिथल्या विणकरांची गोष्ट सांगतात की चर्चमध्ये प्रार्थना चालली होती, देवा आम्हाला कापूस पाठव, आणि मागून एक जण ओरडला, पण सुरत नको. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही, धागा सारखा तुटायचा आणि त्यांना मजुरी नगावर. पण म्हणून भेसळीचं खापर शेतकऱ्यावर फोडायचं हेही मला पटत नाही, शेतातून बंदरापर्यंत माल किती हातांतून जायचा ते बघा आणि मग बोला. चांगल्या कापसाला गावात वेगळा भावच मिळत नसेल तर तो स्वच्छ कोण ठेवणार.

रात्री सीएसएमटीहून अमरावती एक्सप्रेस. हीच जुनी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट. कसारा घाटात गाडीला मागून इंजिन लागलं तेव्हा मी जागा होतो. हा थळ घाटाचा मार्ग उघडला १ जानेवारी १८६५ ला. आणि लढाई संपली त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये! म्हणजे ज्या चार वर्षांत भाव होता त्या चार वर्षांत वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांवरून घाट उतरत होता, आणि गाडी घाट चढून वर पोचली तेव्हा भाव निघून गेला होता. ही तारीख डोक्यात बसली आणि पुढचा सगळा प्रवास मी त्याच नजरेने केला.

शनिवार, खामगाव

पहाटे शेगावला उतरलो, गजानन महाराजांचं दर्शन घेतलं, कचोरी खाल्ली आणि बसने खामगाव. मुख्य लाइनवरच्या जळंबपासून खामगावला एक छोटा फाटा जातो, बारा-तेरा किलोमीटरचा, तो फक्त कापसासाठी टाकला होता. १८७० च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला इथे आला. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय, यावरून खामगावच्या कापूस बाजाराचं वजन ओळखा. आज खामगावचं नाव चांदीसाठी घेतात, पण तो चांदीचा बाजारही कापसाच्या पैशावरच वाढला असणार असं मला वाटतं.

एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात गेलो. मालकांनी आत फिरू दिलं, त्यांचे आभार. बाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन, ट्रॅक्टर आणि पिकअप, आत ओट्यावर पांढरा डोंगर, रुई एका बाजूला, सरकी दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी प्रेसमधून दाबून निघालेली १७० किलोची गाठ. हवेत इतके तंतू की बोलताना घशात जातात, आणि बायका रुमाल बांधून दिवसभर तिथे काम करतात. ग्रेडर हातात कापूस घेऊन दोन बोटांत ओढून धागा बघतो, मग मॉइश्चर मीटर लावतो. मशीन आलं तरी आधी बोटं.

इथे मी ज्या प्रश्नासाठी आलो होतो तो म्हणजे १८६५ नंतर भाव पडला तरी वऱ्हाडने कापूस सोडला का नाही. उत्तर फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं, निजामाच्या कर्जापोटी. शेतसारा रोख भरायचा. पूर्वी ज्वारी पिकली तर निदान घरात ज्वारी असायची, आता सरकारला रोकड पाहिजे आणि रोकड फक्त कापूस देतो. त्यात रेल्वे आली, तार आली, युरोपियन पेढ्यांचे एजंट गावोगाव आले, राली ब्रदर्स, फोलकार्ट ब्रदर्स. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी सरकारने खास कॉटन कमिशनर नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नाक, त्याचं काम बियाणं सुधारणं, बाजार शिस्तीत आणणं आणि कापूस बंदराकडे लवकर पोचवणं. म्हणजे लढाईने दार उघडलं आणि ते उघडं ठेवायला सगळी यंत्रणा नंतर आली. आणि रेल्वे रिकामी परत जात नव्हती, ती येताना मँचेस्टरचं कापड घेऊन यायची, मग इथल्या कातणाऱ्या बायका आणि कोष्टी, साळी, महार विणकर यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

मला तेजीच आपत्ती वाटते, मंदी नाही. मंदीने फक्त पावती हातात दिली.

रविवार, अकोल्याजवळचं गाव

रविवारी बाजार बंद, म्हणून मामेभावाच्या शेतावर. दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, काळी जमीन, पऱ्हाटी आणि तूर. सकाळी आठला वेचायला बायका आल्या, ओटीत कापूस भरत भरत ओळीने पुढे सरकतात, किलोवर मजुरी. मी तासभर वेचला तर बोंडाच्या काट्यांनी बोटांची टोकं ओरबाडली गेली, आणि त्या दिवसभर वेचतात, थंडीत आणि उन्हातही.

घरात पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत रचलेला. मी विचारलं विकला का नाही, तर दादा म्हणाले, “बावीस साली दहा हजारावर गेलता का नाही? तवा ज्यानं घरात ठेवला त्यानं कमावलं. आम्ही आधीच इकून बसलो होतो. मंग पुढच्या साली ठेवला, तर भाव उतरतच गेला. आता ठेवा का इका, काई समजत नाही पाय.” ही गोष्ट वऱ्हाडात घराघरात ऐकायला मिळते. २०२२ ला क्विंटलला दहा-बारा हजार बघितलेला माणूस सात हजाराला विकताना आतून तुटतो, आणि त्या दहा हजारांच्या भरवशावर एखाद्याने बोअर घेतलेलं असतं, पोरीचं लग्न केलेलं असतं. त्याच साली युक्रेनच्या लढाईने खतं महाग झाली तीही दादांना तोंडपाठ आहेत, कोणत्या गोणीला किती वाढले ते.

रात्री जेवताना भाकरी, झुणका, ठेचा, आणि विषय निघाला दुष्काळाचा. दादांच्या आजीकडून आलेली गोष्ट, छप्पन्नचा दुष्काळ. विक्रम संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. वऱ्हाड हा कापसाने श्रीमंत झालेला मुलुख म्हणून सरकारदरबारी नावाजलेला, “वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड” आपणही म्हणतो, आणि त्याच वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ ला जवळपास २९ लाख होती ती १९०१ ला साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी दीड लाखाच्या आसपास माणसं कमी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ. धान्य देशात नव्हतं असं नाही, रेल्वे होती, पण धान्य विकत घ्यायला हातात पैसा नव्हता, कारण ज्वारीच्या जागी कापूस होता, कापूस वाळून गेला, आणि कापूस खाता येत नाही. दादा म्हणाले म्हणून आपण दोन एकर ज्वारी पेरतोच, पुरत नसली तरी.

सोमवार, अमरावती

अमरावतीचं नाव जगाच्या बाजारात ‘ऊमरा’ असं होतं, लिव्हरपूलपासून ब्रेमेनपर्यंत वऱ्हाडी कापसाला ऊमराच म्हणायचे. रेल्वेच्या आधीचा एक तपशील जुन्या गॅझेटियरमध्ये आहे, १८४२ ला इथल्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केला म्हणतात. एक लाख बैल! लमाणांचे तांडेच्या तांडे. मग रेल्वे आली आणि तो सगळा रस्ता आणि ती सगळी माणसं कामातून गेली.

कॉटन मार्केटमध्ये एक वयस्कर अडते भेटले, तीन पिढ्यांचा धंदा. चहा पाजला आणि सुरू झाले. “अमेरिकेची लढाई तुमी वाचली भाऊ, मले तर आज्याची गोष्ट म्हाईत हाये, जर्मनीची.” आणि ही गोष्ट ऐकायला मी परत अमरावतीला जाईन. १८६९ ला सुएझ कालवा झाला, युरोप जवळ आला, आणि मँचेस्टरला नको असलेला आपला आखूड कापूस जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, इटली घेऊ लागले. १८९३ पासून मुंबई-जपान थेट जहाजं सुरू झाली आणि जपान सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होत गेला. म्हणजे एक गिऱ्हाईक सोडून दोन धरले, वाटलं आता धोका कमी. आणि १९१४ चा ऑगस्ट उजाडला. जर्मनी शत्रू, ऑस्ट्रिया शत्रू, बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात, आणि समुद्रात एमडेन नावाची जर्मन युद्धनौका आपल्या बाजूची जहाजं बुडवत फिरतेय. नवा कापूस बाजारात आला तेव्हा उचलायला कोणी नाही, भाव एकदम खाली. आज्याने म्हणे तेव्हा गोदामात कापूस भरून वर्षभर राखण केली आणि पुढे भाव परत चढला तेव्हा विकला. ज्याला ठेवता आला त्याने कमावलं. शेतकऱ्याला ठेवता येत नव्हतं, त्याला सारा भरायचा होता, त्याने पडेल भावाला दिला आणि लढाईच्या शेवटी तेच कापूस कापड होऊन आलं तेव्हा ते इतकं महाग की घ्यायची सोय नाही.

१८६५ ला मुंबईत शेअरवाला बुडाला आणि खेड्यात शेतकरी बुडाला, दोघं बुडाले हे खरं. पण १९१४ ला बघा, व्यापारी तरला आणि शेतकरी तेवढाच बुडाला. मला वाटतं फरक माणसाच्या हुशारीचा नाही, थांबता येण्याचा आहे. गोदाम कोणाचं आणि हप्ता कोणाचा, एवढ्यावर सगळं ठरतं.

मग दुसरं महायुद्ध. १९४१ च्या उन्हाळ्यानंतर जपानशी व्यापारच तुटला आणि डिसेंबरात जपान युद्धात उतरला. आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक एका झटक्यात गेलं. सरकारने १९४२ ला ‘अधिक धान्य पिकवा’ची मोहीम काढली आणि कापसाची जमीन धान्याकडे वळवायला सांगितलं. ज्या सरकारने ऐंशी वर्षं कापूस लावा म्हणून सगळी यंत्रणा राबवली त्यानेच. अडते काका म्हणाले, “कापूस लावा त्यायनंच सांगतलं, काढा बी त्यायनंच सांगतलं, आमी मंधात.”

दुपारी गिला वडा खाल्ला, झणझणीत, पुण्याच्या माणसाने जपून.

मंगळवार, हिंगणघाट

धावती भेट. हिंगणघाटचा बनी कापूस देशी जातींमध्ये सगळ्यात चांगल्या धाग्याचा मानला जायचा, आणि इंग्लंडच्या खरेदीदारांच्या कागदपत्रांत हिंगणघाट हे नाव वेगळं काढून लिहिलेलं असतं. आज शेतात ते बियाणं कोणाकडे दिसलं नाही, सगळीकडे बीटी हायब्रीड. मार्केट यार्डात मात्र गर्दी तशीच, दीड-दोनशे गाड्या उभ्या, सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीची नोंदणी, आधार कार्ड, सातबारा, पीकपेरा, आणि पोरं मोबाइलवर वायद्याचा भाव बघत बसलेली. एक पोरगा म्हणाला, “आधी न्यूयॉर्क पाहतो दादा, मंग गाडी भरतो.” १८६४ ला त्याच्या खापरपणज्याला लिव्हरपूल कुठे आहे हे माहीत नव्हतं आणि तरी त्याचा भाव तिकडेच ठरत होता, याला आज ते दिसतं एवढंच. दिसून हातात काय येतं हे विचारलं तर तो नुसता हसला.

संध्याकाळी वर्ध्याहून पुण्याची गाडी पकडली.

बुधवार, सुपे

पहाटे दौंडला उतरलो, एसटीने चौफुला आणि तिथून मोरगाव रस्त्याला सुपे. मित्र म्हणाला कापसाच्या ट्रिपमध्ये सुपे कशाला, इथे तर बाजरी-ज्वारीचा आणि आता उसाचा मुलुख. बरोबर आहे, भीमथडीत, म्हणजे भीमेकाठच्या या भागात, कापूस फार नव्हता. पण लढाईच्या पैशाने इथे वेगळ्या वाटेने हात घातला, आणि ती वाट समजून घेतल्याशिवाय मला ही ट्रिप अर्धी वाटली असती.

कापसाच्या तेजीत सगळ्याच मालाचे भाव चढले, धान्याचे, बैलांचे, मजुरीचे. भोर घाटात रेल्वेचं काम चालू होतं, रोख मजुरी मिळत होती. मुंबईच्या पेढ्यांनी तालुक्याच्या सावकारांना पैसा पुरवला, त्यांनी गावच्या गुजर-मारवाडी सावकारांना, आणि त्यांनी शेतकऱ्याला. जिथे कापूस होता तिथे एकरी शंभर रुपये आगाऊ दिल्याच्या नोंदी आहेत. न मागता कर्ज मिळत होतं. मुंबई दख्खनमध्ये १८६० ते ६४ मध्ये कापसाखालची जमीन दुप्पट झाली. मग १८६५. वरून पैसा आटला, तसा खालपर्यंत आटत गेला. सावकारांनी नवं कर्ज थांबवलं आणि जुनं मागायला सुरुवात केली. आणि नेमका त्याच वेळी तीस वर्षांचा जुना सारा संपून नवा ठरवायचा होता, अधिकाऱ्यांनी तेजीतले भाव समोर ठेवून तो ठरवला. १८६७ ला इंदापुरात पन्नास टक्क्यांच्या वर वाढ, मग पाठोपाठ बाकीचे तालुके. भाव खाली, सारा वर. याचा मला आजही संताप येतो.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोखा तीन वर्षांनी बाद होणार, हेतू चांगला, की व्याजावर व्याज चढू नये. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि त्यावर परत व्याज. शेतकऱ्याला वाचता येत नाही, अंगठा द्यायचा, पावती मिळायची नाही. कोर्टात कागद बोलणार आणि कागद सावकाराचा.

म्हणून १२ मे १८७५ ला सुप्यात बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून आलेले शेतकरी एकत्र झाले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर गेले. तोही बुधवारच होता. त्यांनी मागितलं काय, तर वह्या आणि रोखे. ते मिळाले ते जाळले. जिथे मिळाले नाहीत तिथे घरं पेटली. पुढच्या दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसेक गावांत हेच झालं. त्याच्या आधीच्या वर्षी शिरूर तालुक्यात कर्डे गावी सावकारांवर बहिष्कार घातला होता, न्हावी, परीट, पाणी सगळं बंद. माणसं मारायला निघालेला हा जमाव नव्हता, त्यांना कागद संपवायचा होता, आणि मला वाटतं त्यांनी आपला शत्रू नीट ओळखला होता, निदान त्याचा जो हात त्यांच्यापर्यंत पोचत होता तो तरी. वरचा सारा वाढवणारा हात त्यांच्या टप्प्यात नव्हता, लिव्हरपूल तर नाहीच. आणि हेही म्हटलं पाहिजे की ज्यांची घरं जळली ते छोटे गावसावकारही वरच्या पेढीचे देणेकरीच होते.

गावात एका किराणा दुकानात जाऊन बसलो, दुकानदार साठीचे. त्यांना दंगा माहीत होता, अमेरिका माहीत नव्हती. मी सांगितलं तसं त्यांनी दोन-तीनदा विचारून घेतलं, सन कुठला, भाव किती, मग रेल्वे कधी आली. त्यांच्या मुलीने दहावीला हा धडा वाचला होता, ती आतून म्हणाली, आमच्या गावाचं नाव पुस्तकात आहे म्हणून सरांनी दोनदा वाचायला लावलं होतं. पोर हुशार आहे, तिने मला उलट विचारलं की मग वह्या जाळून कर्ज गेलं का. काहींचं गेलं असेल, बहुतेकांचं नाही. सरकारने आयोग नेमला, १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशोब बघायची मुभा मिळाली. सावकारांनी मग गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. सारा मात्र पहिल्यासारखा झाला नाही.

दुपारी मोरगावला जाऊन गणपतीचं दर्शन घेतलं आणि जेजुरीमार्गे पुणे.

कारवार या वेळी राहून गेलं. धारवाडचा कापूस थेट समुद्रात उतरवता यावा म्हणून मँचेस्टरच्या कापूसवाल्यांनी तेजीत सदाशिवगड-कारवारचं बंदर करायचा घाट घातला होता, १८६२ ला त्यासाठी तो भाग मद्रास इलाख्यातून काढून मुंबईला जोडलासुद्धा. पुढच्या वेचणीला हुबळी-धारवाडहून घाट उतरून त्या जुन्या कापसाच्या रस्त्याने जायचं ठरलंय, कोणाला त्या वाटेवरची जुनी गोदामं, जिनं किंवा धर्मशाळा माहीत असतील तर नक्की सांगा.